पंपाची किरकिर

तिसऱ्या गायीनेही लाथ झाडली आणि दूध काढायच्या मशीनचे कप सिमेंटवर आपटले. ग्रीअरने गालावरचं शेण बाहीने पुसलं. चार वाजून गेले होते. मशीनचा पंप आज किरकिर न करता घरघरत होता, बाहेर सत्तर गायी ताटकळल्या होत्या आणि काचेच्या नळीत दूध म्हणावं असं काही येत नव्हतं. सगळ्या जणी पान्हा चोरून उभ्या होत्या.

दुपारी गवताच्या गठ्ठ्यांवरून पडून बापाचा घोटा सुजला, म्हणून तर तिचं पाऊल गोठ्यात पडलं. डिसेंबरात ती जर्मनीहून चार वर्षं व्हायोलिन शिकून आली, त्याच दिवशी बापाने, अँगस टलकने, तिला बजावलं होतं की दूध मी काढतो, तू वासरं बघ, गोठ्यात पाय ठेवायचा नाही. वर ह्या नाजूक बोटांचा विमा उतरवलाय का, असंही विचारून घेतलं. काय शिकलीस, हे मात्र विचारलं नाही. एकदा ती स्वयंपाकघरात वाजवायला बसली, तर हा टोपी उचलून चालता झाला. मार्चमध्ये परत जायच्या आत बापाने एकदा, फक्त एकदा, आपलं वाजवणं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. आता तर तिला त्याचा रागही येईनासा झाला होता. नुसता तिटकारा उरला होता.

आवाजावरून दोघांचं बोलणं झालं ते एकदाच. वासरांच्या शेडमध्ये तिला रोज दोन्ही वेळा मशीनच्या घरघरीतून एक बारीक किरकिर ऐकू यायची. कानाला अगदी बोचायची. पंपाचं बेअरिंग गेलंय, ग्रीस लाव, असं तिने जेवताना सुचवलं. बापाने काटा खाली ठेवला.

“चार वर्षं शिकून तुला एवढंच ऐकू येतं?” तो म्हणाला आणि ताट अर्धं टाकून उठला.

चौथ्या गायीने कप उडवले तेव्हा ग्रीअरचं डोकं फिरलं. ती घरात गेली, हात धुतले आणि व्हायोलिन घेऊन आली. माणूस ऐकत नाही, निदान जनावरं तरी ऐकतील. जी रचना वाजवल्यावर शेवटच्या परीक्षेत तिचे कडक मास्तरही उभे राहिले होते, तीच तिने वाजवायला घेतली. गायींनी कान टवकारले, मग त्या एकमेकींना रेटू लागल्या. एकीने तर तिच्या बुटांवरच शेण टाकलं. तेवढ्यात तिला दारात बाप दिसला. फावड्याच्या दांड्यावर भार देऊन तो उभा होता. ती थांबली नाही. आयुष्यात कुणासमोर वाजवलं नव्हतं इतकं चांगलं तिने वाजवलं.

“बंद कर ते,” तो म्हणाला.

“एकदा ऐकायचं होतंस, डॅड. चार वर्षांत एकदा तरी.” ग्रीअरने गज खाली घेतला.

लंगडत तो तिच्या बाजूने पुढे गेला, फळीवरचा औषधाचा डबा सरकवला आणि त्याच्यामागच्या, शेणाने बरबटलेल्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

किरकिर सुरू झाली. तीच, रोजची. व्हायोलिनचे सूर घसरत होते, गज खरवडत होता. मग ते थांबलं आणि एका लहान मुलीचा वैतागलेला आवाज आला, “चुकलं. परत पहिल्यापासून.”

ग्रीअरने तो आवाज ओळखला. बारा वर्षांची असताना व्हायोलिनच्या बाईंना ऐकवायला म्हणून तिने सरावाच्या कॅसेटी भरल्या होत्या. त्या तिने कधीच खणात फेकून दिल्या होत्या.

समोरची गाय रवंथ करू लागली. बापाने वाकून तिला कप लावले. तिने लाथ झाडली नाही. जरा वेळाने नळीत पांढरी धार दिसली, मग ती जाड झाली.

“कधीपासून?” ग्रीअरने विचारलं.

“तू गेलीस तेव्हापासून. सकाळ-संध्याकाळ.” त्याच्या कपाळावरची आठी तशीच होती. दुसऱ्या गायीकडे वळत, तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, “बोल आता. लावू ग्रीस?”