चाकाखालचं ताट

नव्या सुनेनं ओव्हन आणला आणि सासूचं पोचे आलेलं पत्र्याचं ताट भंगारवाल्याच्या पोत्यात टाकलं. तुळजाबाई अनवाणीच रस्त्यापर्यंत धावल्या. "ते न्हाई द्यायचं!" परत आणलेलं ताट त्यांनी पदरानं पुसलं. तीस वर्षांमागं ह्याच ताटात नानकटाई भाजता भाजता त्यांना कळा सुरू झाल्या होत्या. दवाखान्याला निघालेली जीप घरासमोरच चिखलात रुतली. नवऱ्यानं निखाऱ्यांवरचं ताट उचललं, नानकटाई तिथंच ओतली, ताट चाकाखाली सारलं. जीप निघाली. बीड येईस्तोवर तुळजाबाई कळा सोसत भांडत होत्या, "लई खुसखुशीत झालती, तुमी मातीत घातली!" आता भांडायला ते नव्हते. संध्याकाळी सुनेनं त्याच ताटात ओव्हनमध्ये भाजलेली नानकटाई उलटी केली. "आई, खाली टायरागत रेघा कावून?" तुळजाबाईंनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. "वाट हाय ती, तुझ्या सासऱ्यानं केलेली. तुझा नवरा तिच्यावरूनच आलाय."