भिंतीवरचा महादरवाजा

आईचं ऐकायचं प्रीतमला वळणच नव्हतं. ताथवड्याच्या नव्या फ्लॅटात त्यानं भिंतभर गडाचा महादरवाजा रंगवून घेतला, तोही सताड उघडा.

"आई, हा आपला अभिमान हाय!"

"आन् सांजच्याला त्यो लावनार कोन, तुझा बा?" विमलबाई फणकारल्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्यांना जड दार करकरल्याचा आवाज येई.

आज देवापुढं दिवा लावून त्या वळल्या, तर चित्रातलं दार बंद होतं. खाली प्रीतमच्या चपला देवळाबाहेर काढाव्यात तशा होत्या.

"आई, दार उघड!" भिंतीतून हाक आली. भिंतीपलीकडं सातव्या मजल्याची नुसती हवा होती.

विमलबाईंनी रंगावर तळहात टेकला. आवाज मात्र करडाच निघाला.

"दिस बुडाल्यावर गडाचं दार उघडत न्हाई, लेका. आता उजाडेस्तोवर आतून कुनी बी हाक मारली, तरी ओ देऊ नगंस."