न भिडलेले ग्लास

तेलकंपनीची जुनी पाटी सकाळी उतरवली आणि दुपारी मॉस्कोचे नवे साहेब आमच्या कँटीनमध्ये व्होडकाचा ग्लास उंचावून उभे राहिले. जुना मालक तुरुंगात होता. त्यानं सरकारकडून कवडीमोलानं कंपनी घेतली, तेव्हा आम्ही त्याला चोर म्हणालो होतो. पण त्याच्याच काळात सायबेरियातल्या आमच्या गावातली पोरं त्यानं बांधलेल्या गरम पाण्याच्या तलावात पोहायला शिकली. “नव्या कंपनीसाठी!” साहेबांनी ग्लास पुढे केला. आमची माणसं उठली, ग्लासाला ग्लास न भिडवता प्यायली. असं आमच्याकडे फक्त मेलेल्यांसाठी पितात. “मी काय मयताला आलोय?” साहेब भडकले. म्हातारा ड्रिलर झाखार हसला. “रागावू नका, साहेब. तो चोर आला, तेव्हा सरकारी कंपनीसाठी असंच प्यायलो. आज त्या चोरासाठी. पुढचा आला की तुमच्यासाठीही पिऊ.” मी रिकामे ग्लास गोळा केले, साहेबांचा तेवढा भरलेलाच होता.