दोन्ही हात वर

“त्याला एका वेळी एकच काम सांग,” असं सासूबाईंनी निघताना बजावलं होतं. स्वतःच्याच लेकाबद्दल. तिने ते हसण्यावारी नेलं. ऑफिसात दहा-बारा माणसं हाताखाली असलेला नवरा, त्याच्या आईला अजून शाळकरीच वाटतो, झालं.

आता सुट्टीत, एका परक्या शहरात, हाफ मॅरेथॉनच्या गर्दीत धावताना तिला ते वाक्य आठवलं आणि पाय अडखळले.

नुकताच तिला नवरा दिसला होता. पुलाच्या तोंडाशी, लोकांच्या घोळक्यात, निळ्या शर्टात. तिला बघून त्याने हात हलवले. चांगले डोक्यावर नेऊन, दोन्ही.

तीही हसली, हात केला, रेट्याबरोबर पुढे गेली. अर्धा पूल ओलांडल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही हात? मग लेक कुणाकडे?

“ताई,” ती शेजारी धावणाऱ्या नणंदेला म्हणाली, “ह्याच्याकडे बाळ होतं का?”

“कुणाकडे?”

“तुमच्या भावाकडे. आत्ता, पुलाजवळ.”

“पिंट्या ना? दिसला की. कसला नाचत होता.”

“बाळ दिसलं का?”

नणंदेने आधी श्वास घेतला. “असेल गं. बाळ काय खिशात ठेवणारे?”

“दोन्ही हात वर होते त्याचे.”

“मग कॅरियरमध्ये असेल, पोटाशी.”

कॅरियर राखाडी. निळ्यावर राखाडी पट्टे होते का? होते. नव्हते. ती आठवायला जाई तसं चित्र बदलत होतं. सकाळी कॅरियर हॉटेलच्या खुर्चीवर वाळत होता, लेकीने त्यावर दूध काढलं होतं म्हणून. मग लाल बाबागाडी आणली असेल. त्याच्या पायांमागे काहीतरी लाल होतं खरं. पण ह्या शहरातल्या कचराकुंड्याही लालच होत्या.

“तुमचा फोन द्या ना.”

“माझा पिंट्याकडेच नाही का? तुझाही तिथेच. फोटो काढ म्हणून आपणच नाही का दिले?”

म्हणजे फोटो हे एक काम. दुसरं तिनेच रात्री तीनतीनदा घोकवून घेतलं होतं, ‘मला गर्दीत दिसशील असा उभा राहा, दोन्ही हात हलव.’ ते त्याने अगदी मन लावून केलं. आणि बाळाला सांभाळ, हे सांगितलं होतं का? तिला आठवेना. पण ते काय सांगायचं असतं?

ती थांबली आणि मागे वळली.

समोरून माणसांची भिंतच येत होती. कुणाचं कोपर लागलं, कुणी काहीतरी पुटपुटलं. पिवळ्या जाकिटातला एक स्वयंसेवक धावत आला, त्याने तिला खांद्यांना धरून अलगद पुन्हा पुढे तोंड करून उभं केलं. तिने दोन्ही हातांचा पाळणा केला, झुलवून दाखवला, मागे पुलाकडे बोट केलं. त्याचा चेहरा उजळला. त्यानेही पाळणा झुलवला, छातीवर हात ठेवला आणि तीन बोटं दाखवली. त्याला तीन होती.

“अगं, चल,” नणंद जागच्या जागी पळत होती. “पुढे वळसा आहे. परत ह्याच पुलावरून यायचंय आपल्याला. उलटी गेलीस तर तुडवतील. सरळच पळ, लवकर पोचशील.”

खरं होतं ते. म्हणजे लेकीकडे जायला आधी तिच्यापासून लांब पळायचं. ती पळू लागली. दूध भरून आलं होतं, छाती ठणकत होती. लेकीला भूक लागल्याशिवाय असं होत नाही, असं तिला वाटलं. मग वाटलं, धावल्यानेही होत असेल. आणि नवऱ्याचा चेहरा? तो हसत होता ना? बाळ हरवलेला माणूस हसेल का? पण हरवलंय हे त्याच्या लक्षातच आलं नसेल तर?

नणंद मागे पडायला लागली. “तू हो पुढे,” ती धापा टाकत ओरडली. “आणि पिंट्याला माझ्यातर्फे एक ठेवून दे. बाळ जवळ असलं तरी दे.”

वळसा अजून दिसत नव्हता. पण रस्त्याच्या मधोमध बांधलेल्या दोरीच्या पलीकडून वेगवान मंडळी परत येऊ लागली होती. ही मंडळी पुलाकडेच चालली होती. ती दोरीला खेटून पळायला लागली. परकी भाषा, इंग्रजी, सगळं डोक्यातून उडालं आणि तोंडातून घरचंच बाहेर पडलं.

“अहो, पुलाजवळ निळ्या शर्टातला उंच माणूस आहे. त्याच्याकडे बाळ आहे का, तेवढं बघा ना.”

एका बाईने अंगठा दाखवला. एका टकल्या गृहस्थाने टाळ्या वाजवल्या आणि त्याच्यामागचे चौघे-पाचजणही वाजवू लागले. ती पुन्हा ओरडली, तशा टाळ्या आणखी वाढल्या.

सबंध रस्त्यावर तिचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. तुम्हाला कळतंय. मग तुम्हीच जरा जाऊन याल का पुलापर्यंत? डोक्यावर केस नाहीतच फारसे, अंगात पिवळं झबलं आहे. झोपली असेल तर उठवू नका. आहे का, तेवढंच बघा.