नितळ पाण्याची सावली

आयका ना, वाशीमच्या कॉलेजात निता घरच्या नव्या बोअरचं पाणी तपासून राह्यली होती. कलरीमीटरचं साधं असते, पाण्यात जितकं जास्त मिसळेल तितका उजेड अडते. अन् यंत्र म्हणे, सगळाच अडला.

"नळीले बोटं लागले असतीन, मास्तरीणबाई. पुस," लॅबात संगं काम करणारा सार्थक हसला.

तिनं ओढणीनं पुसून नळी खिडकीच्या उन्हात धरली. पाणी एकदम नितळ, पण टेबलावर त्याची सावली पडली डांबरासारखी.

"पेली त नाही ना हे?" सार्थकचं हसू गेलं.

सकायीच अर्धी बाटली पेली होती. नितानं फरशीवर पाह्यलं. तिच्या सावलीत, पोटापासून गळ्यापर्यंत, एक पट्टा आणखीनच काळा होता.

तो डोळ्यांकडं सरकून राह्यला होता.