तांबडी फुली

अर्जुनरावांनी काचेच्या काउंटरवरची तिन्ही कार्डं एकेक करून उचलली, डोळ्यांसमोर आडवी धरली आणि त्यांच्या कडांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"काका, मेमरी कार्ड आहे ते, पत्रा नाही," विजयश्री हसली. चिंचवड स्टेशनजवळचं ते कॅमेऱ्याचं दुकान ती एकटीच सांभाळायची.

"सवय, ताई. चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षं हेच केलं. प्रेसमधनं पत्रा कापून आला की कडा तपासायच्या. चांगला असला तर ओके, हिरवा शिक्का. न्हाई तर तांबडी फुली मारायची आन् पेटीत टाकायचा." त्यांनी कार्डं पुन्हा एका ओळीत मांडली. "ह्यातलं दगा न देणारं कुठलं, तेवढं सांगा."

"सील बघून घ्यायचं. डुप्लिकेट फार आलंय. आणि मोठं एक घेण्यापेक्षा लहान दोन घ्या. एकात आहे ते दुसऱ्यातही उतरवून ठेवायचं. भरवशाचं कार्ड म्हणजे दोन कार्डं, काका."

"द्या मग दोन."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात एक जुनं कार्ड होतं. पाठीवर तांबड्या मार्करची ठसठशीत फुली.

"हे बिघडलंय. ह्याच्यात आमच्या मंडळींचा व्हिडिओ हाय, अकरा मिनिटांचा. तो तेवढा नव्यात घाला."

"कसला व्हिडिओ?"

"मासवड्या कशा करायच्या, ते सांगतीये. लेकीसाठी काढला व्हता. मी मधे काय बोललो की म्हणते, तुम्ही गप बसा, खाण्यापलीकडं काय कळतंय तुम्हाला." अर्जुनराव हसले. मग काउंटरच्या कडेवरून उगीच नख फिरवत राहिले. "रविवारी वर्षश्राद्ध हाय तिचं. सोनल येतीये बंगळूरवरनं. फोनवर म्हणाली, आबा, बाकी काय करू नका, आईचा आवाज तेवढा ऐकवा."

विजयश्रीने कार्ड रीडरमध्ये घातलं. पडद्यावर भराभर फोटो आले. एक लोखंडी खाट. तिच्यावर घडी घातलेली गोधडी. मागे खिडकी. पुढच्या फोटोत तीच खाट. त्याच्या पुढच्यातही तीच.

"काका, व्हिडिओ नाही यात. खाटेचे फोटो आहेत. तीनशे बेचाळीस. सगळे परवाचे."

"ती ट्रायल हाय."

"कसली?"

"परवा व्हिडिओ दिसेना झाला. म्हटलं, कार्ड गेलं वाटतं. मग तपासलं. ती बसली व्हती त्याच जागेचे काढले. पार भरस्तोवर काढले. मधेच कुठं दगा देतंय का, ते कळायला नको?"

विजयश्रीचा हात माउसवर थांबला.

"व्हिडिओ दिसेना व्हायच्या आधी कॅमेऱ्यानं काही विचारलं होतं का?"

"विचारलं की. लावताना भलतंच बटण दाबलं गेलं. मग इंग्रजीत दोन वळी आल्या. त्या काय मला लागल्या न्हाईत. खाली कॅन्सल आन् ओके. व्हिडिओ चांगला व्हता, ताई. म्हणून ओके केलं."

विजयश्रीने पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर लावलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. शेजारच्या टपरीवरून चहा आला. तिने आपला घेतला. अर्जुनरावांच्या चहावर साय धरली. ते पट्टीकडेच बघत होते, मशीनवर पहिला नग निघायची वाट बघावी तसे.

पट्टी शेवटाला पोचली. खाली, सापडलेल्या व्हिडिओंच्या जागी, एक शून्य उमटलं.

"ओके केलं तेव्हा कार्ड पुसलं गेलं, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "तरी परत काढता येतं बऱ्याचदा. तसंच आणलं असतं, तर बहुतेक मिळालं असतं. पण नंतर कार्डात त्याच जागेवर नवे फोटो बसले, की..."

"भरस्तोवर काढले," अर्जुनराव म्हणाले.

"हो."

"तीनशे बेचाळीसमधला एकबी खराब न्हाई?"

"नाही."

"म्हंजे कार्डात दोष न्हाई."

विजयश्रीने त्यांच्याकडे बघितलं. "कार्ड चांगलं आहे, काका."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग कार्ड मागून घेतलं आणि पालथं करून तळहातावर ठेवलं.

"थिनर हाय का दुकानात?"

"थिनर नाही. स्पिरिट आहे. कशाला?"

"आमच्याकडं नियम व्हता. चांगल्या मालावर फुली पडली, तर ज्यानं मारली त्यानंच पुसायची."

तिने बाटली आणि कापसाचा बोळा पुढे केला. त्यांनी बोळा नको म्हणून खूण केली. अंगठ्यावर दोन थेंब घेतले आणि फुलीवर घासायला लागले. पहिली रेघ गेली. दुसरी जायला वेळ लागला.

"नवीन दोन बांधून ठेवू?" विजयश्रीने विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी कार्ड उजेडात धरलं, कडांवरून नख फिरवलं आणि जपून पिशवीत घातलं.

कार्डावर आता काही नव्हतं. सगळी तांबडी खूण त्यांच्या अंगठ्यावर आली होती. ती मात्र त्यांनी पुसली नाही.