तुपाचा संशय

भिलाईच्या पोलाद कारखान्यात नव्या भट्टीवर ड्यूटी करताना ह्यांच्या छातीत कळ आली, त्या दिवसापासून सासूबाईंना माझ्या तुपाचा संशय. हे दवाखान्यात आत खाटेवर पडलेले, मी बाळाला मांडीवर घेऊन बाहेर बसलेली, आणि सासूबाई डॉक्टरांसमोरच म्हणाल्या, "इनंच तूप खाऊ घालू घालू माह्या पोराचं रक्त नासवलं."

"तूप तर शेजारचे केवलराम जास्त खातात," मी म्हणाले. "त्यांना कुठं काय झालं?"

डॉक्टर म्हणाले, "केवलरामचंही रक्त मीच तपासून घेतलं होतं. कोलेस्टेरॉलचा आकडा दोघांचा सारखाच आहे. पण नुसत्या आकड्यावर सगळं ठरत नाही. ती चरबी कोणत्या प्रतीची, ह्यावरही असतं, आणि ते मोजायची सोय आपल्याकडे नाही. कधी कधी ते बापाकडून येतं. ह्यांचे वडील कशानं गेले, आजी?"

"कशानं म्हंजे? तिशीतला धट्टाकट्टा माणूस, वावरात छाती धरून पडला. माह्या जावेनं, त्या मथुरानं, जेवणात काहीतरी घातलं होतं. तवापासून तिच्या हातचं पानी नाही पेली मी."

डॉक्टरांनी आतल्या खाटेकडे बघितलं.

सासूबाईंचा हात हळूहळू तोंडावर गेला. आता मथुराकाकूंबद्दल काही बोलतील, निदान माझ्याशी तरी दोन शब्द गोड बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी माझ्या मांडीवरचं बाळ उचललं आणि त्याच्या छातीला कान लावला.